बांदोचं जर्मन घर

जपानच्या शिकोकु बेटावर ८८ देवळांची परिक्रमा आहे. आपल्या नर्मदा परिक्रमेसारखीच श्रद्धेने, पायी करायची. तिचं पहिलं देऊळ र्‍योझेन-जी. हे नाव बिहारमधल्या राजगृहाजवळच्या गृध्रकूट टेकडीवरून आलेलं, त्यामुळे आपलंही तिथे थोडं नातं लागतं. मार्च १९१८ मध्ये या देवळात आणि शेजारच्या सभागृहात जर्मन युद्धकैद्यांनी स्वतः केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं आणि सुमारे ५० हजार लोक ते पाहून गेले. आज देवळापासून जवळच नारुतो शहराचं ‘जर्मन घर’ उभं आहे.

जपान-जर्मन मैत्रीच्या संस्था पुष्कळ. टोकियोची ‘ओएजी’ तर १८७३ सालची. पण ती व्यापाऱ्यांची, मुत्सद्द्यांची, विद्वानांची. नारुतोच्या घराचं कूळ वेगळं, ते हरलेल्या शिपायांपर्यंत जातं.

पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये चीनमधला त्सिंगताओ हा जर्मनांचा तळ जपानने जिंकला आणि सुमारे ४७०० जण कैद करून आणले. १९१७ मध्ये त्यांतले हजारेक आजच्या नारुतोतल्या बांदोच्या छावणीत आले. यांतले बरेच जण पेशाने शिपाई नव्हते. पूर्व आशियात व्यापारउदीम करणारी ही माणसं युद्ध लागल्यावर वर्दीत शिरली होती. त्यामुळे छावणीत बेकरी निघाली, नाटकं झाली, ‘दी बाराके’ नावाचं नियतकालिक छापलं जाऊ लागलं. शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांच्याकडून भाजीपाल्याची लागवड आणि दूधदुभत्याचं तंत्र उचललं. ओआसाहिको देवस्थानाच्या राईत त्यांनी बांधलेला दगडी कमानीचा पूल अजून शाबूत आहे.

छावणीप्रमुख मात्सुए तोयोहिसा मूळचा आइझू प्रांताचा. १८६८ च्या यादवीत आइझूच्या सरदारांनी सपाटून मार खाल्ला होता, तेव्हा हरलेल्यांचं जिणं त्याला घरूनच ठाऊक असणार. कैद्यांना त्याने माणसासारखं वागवलं. पण यावरून सगळ्या जपानी छावण्या अशाच होत्या असं समजू नये. कुरुमेच्या छावणीत कैद्यांना मारहाण झाली होती. आणि बांदोलाही कुंपण होतंच.

१ जून १९१८ रोजी हेर्मान हान्झेन या कैद्याने इथे बेटहोव्हेनची नववी सिंफनी बसवली. आशियात ती पूर्ण वाजली ती बहुधा पहिल्यांदाच. ऐंशी जणांच्या गायकवृंदात एकही स्त्री नव्हती, कुठून असणार? मग बायकांच्या आवाजांसाठी लिहिलेला भाग पुरुषांच्या गळ्याला जमेल असा बदलून घेतला.

१९२० मध्ये कैदी गेले. पुढे जपान आणि जर्मनी लष्करी मित्र झाले, करारमदार झाले, पण बांदोची आठवण जागी झाली ती दुसरं महायुद्ध दोघेही हरल्यावर. छावणीच्या जुन्या बराकींत तेव्हा परदेशातून हात हलवत परतलेली जपानी कुटुंबं राहत होती. त्यांतल्या एका बाईला झाडोऱ्यात एक दगड सापडला. कैदेत वारलेल्या ११ सोबत्यांसाठी जर्मनांनी १९१९ मध्ये उभारलेलं ते स्मारक होतं. तिचा नवराही सोव्हिएत कैद भोगलेला. परक्या मुलखात मरणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने गवत काढलं, फुलं वाहिली, आणि वर्षानुवर्षं हे काम सोडलं नाही. १९६० मध्ये जर्मन राजदूत तिथे येऊन गेले. हयात असलेल्या जुन्या कैद्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला, त्यांनी जपून ठेवलेले कागद, फोटो इकडे यायला लागले. ते ठेवायला १९७२ मध्ये जर्मन घर बांधलं. जागा अपुरी पडल्यावर १९९३ मध्ये नवी इमारत झाली. मला विचाराल तर या संस्थेचा पायाभरणीचा दगड म्हणजे झाडोऱ्यातला तो दगड.

१९७४ मध्ये नारुतोने जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गशी भगिनी शहराचं नातं जोडलं. ल्यूनेबुर्ग शतकानुशतकं मिठावर श्रीमंत झालेलं गाव, आणि नारुतोतही जुनी मिठागरं. खाल्ल्या मिठाला जागणं दोघांनाही शिकवावं लागलं नसेल! तेव्हापासून दोन्हीकडची मंडळी आळीपाळीने पाहुणी होतात, एकमेकांच्या घरी उतरतात. शिष्टमंडळांची भाषणं होतातच, पण माझा भरवसा घरच्या जेवणावर जास्त.

१९८२ पासून नारुतोत नववी सिंफनी होते, साधारणपणे जूनच्या पहिल्या रविवारी. गायला देशभरातून हौशी मंडळी येतात. त्यांत बायका पुष्कळ, आणि बायकांचा भाग आता त्याच गातात.