हिवाळा आणि टायरमधील हवा : दिवा लागेपर्यंत थांबू नये

नोव्हेंबरचा मध्य उलटला की शिकागो, मिनिआपोलिस, डेट्रॉइट किंवा न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या अनेक मराठी घरांत एक ठरावीक प्रसंग घडतो. सकाळची घाई असते, मुलांना शाळेत सोडून कार्यालय गाठायचे असते. गाडी सुरू होते आणि डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा उजळतो. खाली उतरून पाहावे तर चारही टायर नेहमीसारखेच दिसतात. उशीर होत असल्याने गाडी तशीच पुढे निघते आणि महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे झाल्यावर दिवा आपोआप विझतो. सेन्सरच बिघडला असावा, असा निष्कर्ष काढून विषय मिटवला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा हजर असतो.

या प्रसंगात सेन्सर बहुधा निर्दोष असतो. दिवा लागणे खरे असते आणि विझणेही खरे असते. फसगत होते ती विझलेल्या दिव्याचा अर्थ लावताना. तो अर्थ नीट समजून घेण्यासाठी थंडीत टायरमध्ये नेमके काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे.

थंडीत दाब का उतरतो?

शाळेत शिकलेला वायूचा साधा नियम येथे लागू पडतो. बंद जागेतील वायूचे तापमान उतरले की त्याच्या रेणूंची गती मंदावते, ते भोवतालच्या भिंतींवर कमी जोराने आदळतात आणि दाब घटतो. टायरचे आकारमान जवळजवळ स्थिर असल्यामुळे तापमानातील प्रत्येक फरक दाबात उमटतो. व्यवहारात लक्षात ठेवण्याजोगा ठोकताळा असा : तापमान १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की टायरचा दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो.

महाराष्ट्रात गाडी चालवायला शिकलेल्या पिढीला या गणिताची सहसा गरज पडली नाही. मुंबईत जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांच्या तापमानातील अंतर साधारणपणे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तो बदलही महिनोन्‌महिने सावकाश होतो. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाला ‘बत्तीस ठेव’ असे सांगितले की काम भागत असे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात तेवढाच उतार कधी कधी दोन-तीन दिवसांत होतो. उन्हाळ्यातील दुपार आणि हिवाळ्यातील रात्र यांची तुलना केली, तर अंतर पन्नास अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते.

याशिवाय एक दुसरी, संथ गळती बारा महिने चालू असते. रबर पूर्णपणे हवाबंद नसते. सुस्थितीतील टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा झिरपून जाते. सप्टेंबरमध्ये हवा भरलेली गाडी डिसेंबरपर्यंत तशीच चालवली, तर थंडीने उतरलेल्या दाबात या तीन महिन्यांच्या झिरपण्याचीही भर पडलेली असते.

शिकागोची एक सकाळ

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर तापमान उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३०.६ अंश सेल्सिअसपर्यंत घसरले होते. त्या सकाळी अंगणात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा विचार करू. तिच्यासाठी निर्मात्याने सांगितलेला दाब ३५ पीएसआय आहे आणि ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमानाला तो अगदी काटेकोरपणे भरलेला होता, असे मानू.

दाबमापक दाखवतो तो दाब वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक असलेला भाग असतो. हिशेब करताना वातावरणाचे १४.७ पीएसआय त्यात मिळवावे लागतात आणि तापमान केल्विनमध्ये घ्यावे लागते. एकूण दाब ४९.७ पीएसआय. तापमान २९३ केल्विनवरून २४२.६ केल्विनवर आले की हा दाब ४१.१ पीएसआय होतो. त्यातून वातावरणाचा दाब वजा केला, तर दाबमापकावर उरतात सुमारे २६.४ पीएसआय. टायरला छिद्र नाही, झडप गळत नाही, कोणाची चूक नाही. तरीही जवळजवळ पाव भाग दाब नाहीसा झालेला असतो.

२६.४ हा आकडा महत्त्वाचा आहे. त्याचे कारण त्या पिवळ्या दिव्याच्या नियमात दडलेले आहे.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना बसवलेले होते आणि धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून झालेल्या अपघातांनी देश हादरला होता. टायरमधील कमी दाब हाही त्या वेळच्या चर्चेचा एक मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ‘ट्रेड’ कायदा संमत केला आणि त्यातूनच दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. १ सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या सर्व नव्या प्रवासी गाड्या व हलक्या वाहनांत ती असणे बंधनकारक आहे.

या यंत्रणेने दिवा केव्हा लावावा, याची मर्यादा नियमात ठरलेली आहे. शिफारस केलेल्या दाबापेक्षा दाब २५ टक्क्यांनी कमी झाला की इशारा मिळाला पाहिजे. ३५ पीएसआयच्या टायरसाठी ही मर्यादा २६.२५ पीएसआय होते. वर हिशेब केलेली गाडी त्या भीषण सकाळी या मर्यादेच्या केसभर वरच राहिली असती. म्हणजे दाब साडेआठ पीएसआयने उतरूनही दिवा कदाचित लागलाच नसता.

काही गाड्या याहून लवकर इशारा देतात. परंतु नियमाचा आधार घ्यायचा, तर ३५ आणि २६ यांच्यामधला सारा प्रदेश मुका आहे. दिवा लागलेला नाही, याचा अर्थ दाब योग्य आहे असा होत नाही. दाब अद्याप धोक्याच्या पातळीपर्यंत पोहोचलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

सकाळी लागलेला दिवा थोड्या वेळाने विझतो, त्याचे कारणही हेच. गाडी धावू लागली की टायर सतत दबतो आणि पूर्ववत होतो. या घुसळणीने रबर व आतील हवा तापते आणि दाब काही पीएसआयने वाढतो. पंचवीसवर असलेला टायर अठ्ठावीस-एकोणतीसवर जातो आणि दिवा विझतो. टायरमध्ये हवेचा एक कणही नव्याने आलेला नसतो.

दिव्याची आणखी एक खूण ओळखता आली पाहिजे. गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकत राहिला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे असे समजावे. अनेक गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत स्वतंत्र सेन्सर असतो आणि त्यातील छोटी बॅटरी काही वर्षांनी संपते. कडाक्याच्या थंडीत जुनी बॅटरी लवकर हात टेकते.

कमी दाबाची किंमत

सुमारे दीड-दोन टन वजनाची गाडी रस्त्याला टेकते ती चार लहानशा ठिकाणी. प्रत्येक टायरचा रस्त्याशी होणारा संपर्क जेमतेम हाताच्या पंजाएवढा असतो. ब्रेक, वळण आणि तोल यांचा सारा भार त्या चार पंजांवर असतो. दाब उतरला की या संपर्काचा आकार बिघडतो. मधल्या भागावरचा भार कमी होऊन तो कडांवर पडतो, चक्राला गाडीचा प्रतिसाद सुस्त होतो आणि टायरच्या कडा लवकर झिजतात.

हिवाळ्यात याचे परिणाम अधिक गंभीर असतात. वितळलेल्या बर्फाचा चिखल आणि पाणी बाजूला सारण्याची टायरची क्षमता घटते. त्यामुळे पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याची वेळ कमी वेगालाच येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांना खड्डे पडतात. अशा खड्ड्याच्या काठावर आपटल्यावर हवा कमी असलेला टायर काठ आणि चाकाची धातूची कड यांच्यात चिमटला जातो. टायरच्या बाजूवर फुगवटा येण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते आणि असा टायर बदलावाच लागतो.

दाबाबरोबर टायरची वजन पेलण्याची शक्तीही उतरते. थँक्सगिव्हिंग किंवा नाताळच्या सुटीत पाच माणसे, भरलेली डिकी आणि सहा तासांचा प्रवास असा बेत असतो. कमी हवेच्या टायरसाठी ही सर्वांत कठीण परीक्षा ठरते. बाहेर बर्फ असले, तरी जास्त दबणाऱ्या टायरच्या बाजू आतून तापत राहतात आणि तेथील रबर व धागे दुबळे होतात. इंधनाचा तोटा त्या मानाने लहान आहे. चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने कमी झाला, की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्के घटते.

किती आणि केव्हा?

योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. तेवढी हवा भरणे अपेक्षित नसते. कॅनडात हेच माप किलोपास्कलमध्ये, तर ब्रिटनमध्ये पुष्कळदा बारमध्ये दिसते. ३५ पीएसआय म्हणजे सुमारे २४० किलोपास्कल किंवा २.४ बार.

पट्टीवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा मैलभराच्या आत चालली असेल, तर टायर थंड मानावा. त्यामुळे मोजण्याची उत्तम वेळ म्हणजे सकाळ आणि उत्तम जागा म्हणजे घराचे अंगण. साधा दाबमापक आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणारा छोटा पंप जवळ असला, की काम घरीच होते. कडक थंडीत गॅस स्टेशनवरील हवेचे यंत्र पुष्कळदा गोठलेले किंवा बंद आढळते.

गॅस स्टेशनवर जावेच लागले, तर एक युक्ती उपयोगी पडते. घरी थंड टायर मोजून कमतरता लिहून ठेवावी. समजा, ३५ ऐवजी २९ भरले, म्हणजे सहाची तूट आहे. स्टेशनपर्यंत जाताना टायर तापून दाबमापक ३२ दाखवू लागला, तर त्यात सहा मिळवून ३८ पर्यंत हवा भरावी. टायर पुन्हा थंड झाल्यावर दाब ३५ च्या आसपास येईल. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडणे ही हमखास होणारी चूक आहे.

उबदार गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. गॅरेजमध्ये ६० अंश फॅरनहाइट असून बाहेर १० अंश असतील, तर फरक पन्नास अंशांचा आणि दाबाची घट सुमारे पाच पीएसआयची. गॅरेजमध्ये बरोबर ३५ भरलेला टायर रस्त्यावर काही वेळ उभा राहताच ३० वर येतो. अशा वेळी गॅरेजमध्येच ४० पर्यंत हवा भरणे योग्य ठरते. मात्र टायरवरील कमाल मर्यादा ओलांडू नये.

चारही आकडे शेजारी लिहून पाहिले, तर कारणही कळते. चारही टायर जवळजवळ सारखेच उतरले असतील, तर तो थंडीचा प्रताप होय. एखादाच टायर इतरांपेक्षा तीन-चार पीएसआयने मागे असेल, तर खिळा, झडप किंवा चाकाची कड तपासून घ्यावी. हवा भरल्यावर झडपेचे टोपण पुन्हा लावण्यास विसरू नये. उघड्या झडपेत ओलावा शिरून गोठला, तर ती नीट मिटत नाही. डिकीतील छोटे पर्यायी चाकही तपासावे. त्याला बहुधा ६० पीएसआय दाब लागतो आणि वर्षानुवर्षे त्याची कोणी विचारपूस केलेली नसते.

दोन समजुती

बर्फात पकड वाढावी म्हणून थोडी हवा सोडावी, असे अनेकदा ऐकू येते. वाळूत किंवा खोल, मऊ बर्फात अगदी मंद गतीने गाडी बाहेर काढताना ही युक्ती कामी येते. साफ केलेल्या, ओल्या, वेगवान रस्त्यावर तीच धोक्याची ठरते. पकड हवी असेल, तर हिवाळी टायर हा खरा उपाय आहे. सर्वसाधारण टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचीक राहते.

नायट्रोजन भरला की थंडीची चिंता मिटते, ही दुसरी समजूत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोघांचा दाब सारख्याच प्रमाणात उतरतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. तपासणीतून तो सुटका करून देत नाही.

महिन्यातून एकदा, तसेच थंडीची मोठी लाट आल्यावर आणि दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, चार चाकांना दहा मिनिटे द्यावीत. मार्च-एप्रिलमध्ये ऊब परतली, की हाच हिशेब उलटा होतो. तेव्हाही एखाद्या सकाळी टायर थंड असताना मोजून जादा झालेली हवा कमी करावी. पिवळा दिवा हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या हाकेची वाट न पाहता दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहण्याची सवय घरातील प्रत्येक चालकाने लावून घ्यावी. नव्याने गाडी चालवू लागलेल्या मुलांना ती पहिल्याच हिवाळ्यात शिकवावी.