विश्लेषण : संगणक भरला, रिस्टोअर पॉइंटही गेले, आता काय?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नाचे स्कॅन केलेले फोटो... गोवंडीतील दहा बाय पंधराच्या खोलीतला जुना संगणक म्हणजे अनेकदा साऱ्या घराचे कपाटच. एखाद्या अपडेटनंतर तो सुरूच होत नाही. ‘सिस्टीम रिस्टोअर’ उघडावे, तर एकही रिस्टोअर पॉइंट शिल्लक नाही, कारण सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. मग सगळे गेले असे समजून फॉरमॅट मारण्याची घाई होते आणि खरे नुकसान तिथेच होते.

रिस्टोअर पॉइंट म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये ‘विंडोज मी’ या आवृत्तीत ही सोय आणली. नवा ड्रायव्हर, प्रोग्राम किंवा अपडेट टाकण्यापूर्वी विंडोज स्वतःच्या सिस्टीम फाइल्स आणि सेटिंग्जची नोंद ठेवते. बिघाड झाला की त्या स्थितीत परतता येते. फोटो आणि कागदपत्रांचा हा बॅकअप नव्हे. त्यामुळे रिस्टोअर पॉइंट गेले म्हणून फाइल्स गेल्या, असे होत नाही.

ते नाहीसे का होतात?

या नोंदींना ठरावीक जागा दिलेली असते. ती भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ बंद केल्यास सर्वच जातात. अनेक संगणकांत ते मुळात सुरूच नसते. विंडोजची नवी आवृत्ती टाकल्यावरही जुने पॉइंट राहत नाहीत. विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीत तर जून २०२५ च्या अपडेटपासून ते जास्तीत जास्त ६० दिवसच ठेवले जातात.

सर्वप्रथम काय करावे?

आधी फाइल्स बाहेर काढाव्यात, दुरुस्ती नंतर. विंडोज सुरू होत असेल तर पेनड्राइव्हवर कॉपी करावी. होत नसेल, तर सलग दोन-तीन प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यातील ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये नोटपॅड सुरू करून ‘फाइल’, ‘ओपन’ निवडावे आणि ‘ऑल फाइल्स’ दाखवण्यास सांगावे. त्याच खिडकीतून फाइल्स पेनड्राइव्हवर नेता येतात.

‘बिटलॉकर’ची ४८ अंकी किल्ली मागितली गेल्यास ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खाते मोबाइलवरही उघडता येते. काही डिलीट झाले असेल, तर त्या ड्राइव्हवर नवे काही उतरवू नये. एसएसडीमधून पुसलेली फाइल परत मिळणे कठीण असते.

जागा कशी करावी?

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ येथे नको असलेल्या फाइल्स दिसतात. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असते, त्यावर खूण करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण घरातले दाखले अनेकदा तिथेच पडलेले असतात. मागील विंडोजच्या फाइल्स बरीच जागा अडवतात. मात्र त्या काढल्यावर जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही.

दुरुस्तीचा क्रम कोणता?

निळ्या पडद्यावर आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ताजे अपडेट काढून पाहावे. तरीही जमले नाही, तर ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडावे. यात फाइल्स राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. मराठी टायपिंगसाठी श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर असेल, तर ते पुन्हा टाकावे लागते. त्याची किल्ली आणि परवाना आधीच शोधून ठेवावा.

संगणक लॅमिंग्टन रोडवर किंवा गल्लीतल्या दुकानात नेल्यास ‘आधी डेटा काढा, मग फॉरमॅट करा’ हे स्पष्ट सांगावे.

पुढे काय काळजी घ्यावी?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी स्टोरेज लागते. त्यामुळे आवृत्ती बदलण्यापूर्वी जागा मोकळी करावी. ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ सुरू करून ड्राइव्हचा सुमारे ५ टक्के भाग त्याला द्यावा. १२८ जीबीच्या ड्राइव्हवर ती जागा सहा जीबीच्या आसपास होते.

अनेक सरकारी दाखले आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमधून पुन्हा मिळू शकतात. घरचे फोटो मात्र कोणतेही कार्यालय पुन्हा देत नाही. त्यांची एक प्रत संगणकाबाहेर असायलाच हवी.