गळतं कुठे, दिसतं कुठे?

"ज्या जीपखाली डाग नाही, तिच्यात ऑइलच नाही" हा विनोद जीपवाल्यांत कायम चालतो. विनोद म्हणून ठीक आहे, पण गळतीकडे दुर्लक्ष केलं तर तीन गोष्टी होऊ शकतात. लेव्हल खाली जाऊन बेअरिंग जाम होतं. ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून पेट घेऊ शकतं. आणि क्लच प्लेटला ऑइल लागलं की ऐन चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही.

चौथी गोष्ट खिशाची. डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली दिसला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "मागचं ऑइल सील गेलं." फोर व्हील ड्राइव्ह गाडीत ते बदलायचं तर गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला ट्रान्सफर केस दोन्ही उतरवावे लागतात. एवढं करून आठवड्याने डाग परत हजर! कारण ऑइल जिथे पडतं, तिथूनच ते गळतं असं नाही. होस्टेलच्या स्लॅबमधून पाणी कुणाच्या कॉटवर टपकतं आणि फट कुठल्या कोपऱ्यात असते हे आठवा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

उदाहरणासाठी आपल्या ओळखीची गाडी घेऊ. विलिज जीपची जुळणी मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्याच घराण्यातली पुढची गाडी म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. तिच्यात प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन येत असे. ४ सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक. गुणाकार करून बघा, २११२ सीसी येतात. खाली दिलेली पद्धत मात्र कुठल्याही जुन्या इंजिनाला लागू आहे.

आधी ओळख पटवा

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि खाली वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरा. पुढची चाकं कुठे आहेत तेवढी खूण करा, म्हणजे सकाळी कुठला डाग कशाखाली पडला ते कळेल. डिझेलचं इंजिन ऑइल काजळीमुळे काळं असतं. गिअर ऑइल जास्त घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग उडवतं. कूलंट पाण्यासारखं, पण बहुधा रंगीत असतं. मागच्या सांध्याखालच्या थेंबाला गंधकाचा वास आला तर इंजिनाचा गुन्हाच नाही. गिअरबॉक्सचं पुढचं सील तपासा.

मग स्वच्छ करा

हे काम कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात, आणि म्हणूनच चुकतात. वर्षानुवर्षं साचलेल्या ऑइल-चिखलाच्या थरावर नवा ओघळ दिसूच शकत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीजर आणि ब्रशने घासा, मग पाण्याने धुवा. अल्टरनेटर, सेल्फ आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने झाका. वाळलं की संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन १०-१५ मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ लगेच दिसते. गळती फारच बारीक असेल तर ऑइलमध्ये टाकायचा फ्लुओरोसंट डाय मिळतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तो पिवळट-हिरवा चमकतो.

वरून खाली, पुढून मागे

ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, आणि फॅन व वाऱ्यामुळे मागे ढकललं जातं. म्हणून सर्वात वरचं आणि सर्वात पुढचं ओलं ठिकाण हा पहिला संशयित. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या बाजूने गेलं असेल तर ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगवर उतरतं आणि मागच्या सीलवर आळ येतो. काही रुपयांचं पॅकिंग, आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी!

तपासाचा क्रम असा ठेवा: टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, पुढचं टायमिंग कव्हर आणि क्रँक पुलीचं सील, ऑइल चेंबरचं पॅकिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, आणि सर्वात शेवटी मागचं सील. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तरी गळती होते.

वेळेचंही निरीक्षण करा. इंजिन चालू असतानाच धार लागते आणि बंद केल्यावर थांबते, तर गळती दाबाखालच्या भागात आहे: प्रेशर स्विच, फिल्टर किंवा ऑइल पाइप. ही गळती धोक्याची, कारण इथे पंप स्वतःच ऑइल बाहेर फेकतो. गाडी उभी असतानाही थेंब पडत राहिला तर चेंबर, ड्रेन प्लग किंवा सील. आणि फक्त घाट चढून आल्यावरच डाग पडत असेल तर मागच्या बाजूकडे बघा. चढावर चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं.

खरा गुन्हेगार : दाब

समजा सील खरंच गेलं आहे. पण ते का गेलं? पिस्टन रिंगच्या फटीतून थोडा गॅस नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो. तो ब्रीदर पाइपने बाहेर पडायला हवा. जुन्या जीपचा ब्रीदर काजळीने किंवा चिखलाने तुंबला तर दाब आतच वाढत जातो. चेंबरचं तोंड ६० सेमी बाय २५ सेमी धरा, म्हणजे ०.१५ चौरस मीटर. आत फक्त ५ किलोपास्कल जादा दाब असला तरी चेंबरवर ७५० न्यूटन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजनाएवढा जोर येतो. एक धडधाकट माणूस त्या पॅकिंगला लोंबकळल्यासारखंच! मग ऑइल सर्वात कमजोर जागेतून वाट काढतं. तिथलं सील बदललं तर पुढच्या कमजोर जागेतून.

हा दाब मोजायला महागडं यंत्र नको. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी यू आकारात बांधा, निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडा. झाला मॅनोमीटर. ५ किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या पातळीत सुमारे ५१ सेमी फरक. आयडलवर फरक थोड्या सेंटीमीटरांचाच हवा. जास्त दिसला तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही कमी झाला नाही तर रिंगा झिजल्याची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन तपासा.

डिपस्टिकही सपाट जागीच बघा. उतारावर चुकीची लेव्हल वाचून जादा ऑइल ओतलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि गळती आणखी वाढते.

पाना उचलताना

पत्र्याच्या टॅपेट कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका. पत्रा वाकतो आणि गळती वाढते. वाकलेली कड सपाट ठोकून घ्या. सिलिकॉन थापू नका, आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाची जाळी बंद करू शकतो. सील बदलताना शाफ्टवर नखाने चाचपा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सीलही गळेल. तिथे पातळ स्लीव्ह बसवावी लागते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाकांना ओट लावा, स्टँड वापरा. इंजिन चालू असताना सैल बाह्या फॅनपासून लांब. काढलेलं ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाला द्या.

काम झालं की ५० किलोमीटर फिरवून पुन्हा वर्तमानपत्र पसरा. कोरडं निघालं तर निदान बरोबर. थोडक्यात क्रम असा: ओळखा, धुवा, वरून खाली बघा, दाब मोजा, आणि मगच पाना हातात घ्या. गॅरेजवाला "गिअरबॉक्स उतरवू" म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, "दादा, ब्रीदर बघितला का?"