कोंबड्या अंड्यांच्या पेटीत झोपतात? दांडीवर बसण्याची सवय अशी लावा

धाराशिव तालुक्यातील बेंबळी परिसरात सोयाबीन, तूर, ज्वारीच्या जोडीला दहा-वीस कोंबड्या सांभाळणारी घरे बरीच आहेत. घरच्या खाण्यापुरती अंडी ठेवून उरलेली आठवडी बाजारात किंवा शेजारीपाजारी विकली जातात. अशा छोट्या कोंबडीपालनात एक अडचण वारंवार दिसते. अंडी घालण्यासाठी पेट्या ठेवल्या, त्यात भुसा टाकला, पण संध्याकाळी कोंबड्या त्याच पेट्यांत जाऊन झोपतात. सकाळी पेटी विष्ठेने भरलेली असते आणि दिवसभरातली अंडी त्या घाणीत पडतात.

ही अडचण छोटी वाटते, पण तिचा थेट परिणाम अंड्याच्या भावावर, टिकण्यावर आणि पिले निघण्यावर होतो. बहुतेक वेळा चूक कोंबडीची नसून खुराड्याच्या मांडणीची असते. मांडणी दुरुस्त करून आठ-दहा दिवस नेटाने सवय लावली, तर बहुतेक कोंबड्या दांडीवर बसू लागतात.

पेटीत झोपल्याने नुकसान काय होते?

कोंबडी रात्रभर विष्ठा टाकत असते. ती पेटीत झोपली तर सारी घाण तिथेच साठते. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे घातल्यावर कवचावर एक पातळ ओलसर थर सुकतो आणि तो छिद्रे झाकतो. पण ओल्या विष्ठेत पडलेल्या अंड्यात जंतू शिरण्याची शक्यता वाढते. असे अंडे लवकर खराब होते. उबवणुकीला ठेवले तर आतच सडते, कधी फुटून शेजारची चांगली अंडीही बिघडवते.

अनेक जण माखलेली अंडी थंड पाण्याने धुतात. त्यामुळे संरक्षक थर निघून जातो. शिवाय थंड पाण्यात अंड्याचा आतील भाग आकसतो आणि पृष्ठभागावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. म्हणून अंडे मुळात स्वच्छ मिळवणे हाच खरा उपाय आहे.

पेटीतली गर्दी हेही नुकसानीचे कारण आहे. दोन-तीन कोंबड्या एका पेटीत दाटीने बसल्या की पहाटे घातलेले अंडे पायाखाली फुटते. फुटलेल्या अंड्याची चव एकदा लागली की अंडी फोडून खाण्याची खोड लागते आणि ती मोडणे अवघड जाते.

कोंबडी दांडी का टाळते?

आपल्या कोंबडीचे मूळ रानकोंबड्यात आहे. रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर बसतो, कारण जमिनीवर शत्रू फिरतात. गावरान कोंबड्याही संधी मिळाली की लिंबावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर चढतात. उंच जागी झोपणे हा तिचा स्वभावच आहे. तरीही ती पेटीत जात असेल, तर पुढील कारणे तपासावीत.

- दांडीच नाही किंवा ती पेटीपेक्षा खाली आहे. कोंबडी उपलब्ध जागांपैकी उंच जागा निवडते. पेटी तीन फुटांवर आणि दांडी दोन फुटांवर असेल, तर ती पेटीच पसंत करणार.
- दांडी कमी पडते. वरचढ कोंबड्या जागा धरतात आणि दुबळ्यांना हुसकतात. हुसकलेल्या कोंबड्या पेटीचा आसरा घेतात.
- लहानपणी दांडी पाहिलीच नाही. एक महिन्याची किंवा त्याहून मोठी वाढवलेली पिले विकत आणली की ती बहुधा जमिनीवरच वाढलेली असतात.
- वजन जास्त आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार कोंबड्यांना उंच दांडीवर उडी घेता येत नाही.
- दांडीत गोचीड किंवा लाल माइट आहेत. हे कीटक दिवसा फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात.
- दांडी पत्र्याच्या फार जवळ आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तापलेला पत्रा सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडतो. हिवाळ्यात हीच दांडी थेट वाऱ्याच्या झोतात असेल तरी कोंबडी ती सोडते.

आजवर दांडीवर बसणारी कोंबडी अचानक पेटीत किंवा खाली बसू लागली, तर आधी तिचे पाय, तळवे, वजन आणि विष्ठा तपासावी. आजारी किंवा लंगडी कोंबडी वर चढत नाही. तिला वेगळे ठेवून पशुवैद्यकाला दाखवावे.

दांडी कशी असावी?

दांडी लाकडाची असावी. लोखंडी पाइप उन्हाळ्यात तापतो, थंडीत गार पडतो आणि पकडही नीट बसत नाही. लिंबाचे किंवा सुबाभळीचे सरळ लाकूड साल काढून, गाठी तासून वापरावे. साल ठेवली तर तिच्याखाली कीटकांना जागा मिळते. जाडी साधारण ४ ते ५ सें.मी. असावी. चौकोनी लाकूड असेल तर वरच्या कडा गोलसर कराव्यात.

प्रत्येक कोंबडीला २० सें.मी. लांबी धरावी, वजनदार जातीला २५ सें.मी. म्हणजे २० कोंबड्यांसाठी एकूण ४ मीटर, वजनदार असतील तर ५ मीटर दांडी लागते. भिंतीपासून ३० सें.मी. आणि दोन दांड्यांमध्ये ३० ते ३५ सें.मी. अंतर ठेवावे.

गावरान कोंबड्यांसाठी दांडी जमिनीपासून ६० ते ९० सें.मी. उंच चालते. वजनदार जातीला ४५ सें.मी. पुरे. उंचावरून वारंवार उडी मारल्याने जड कोंबडीच्या तळव्याला जखम होते, छातीच्या हाडालाही इजा होऊ शकते. दांडी उंच असेल तर मध्ये एक खालची दांडी किंवा तिरपी शिडी द्यावी. सर्व मुख्य दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या तर वरच्या जागेसाठी भांडणे होत नाहीत, आणि एकीची विष्ठा दुसरीच्या अंगावर पडत नाही.

पत्रा आणि दांडी यांत किमान अडीच-तीन फूट अंतर राहील असे पाहावे. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारून वर उसाचे पाचट टाकल्यास आतली उष्णता कमी होते.

पेटी कशी असावी?

चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. आतली लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ३० ते ३५ सें.मी. ठेवावी. पेटी दांडीपेक्षा खाली असावी. ४५ सें.मी. उंच दांडी असेल तर पेटी जमिनीपासून थोडी वर, विटांवर ठेवली तरी चालते. पेटीवरचे छप्पर तिरपे ठेवावे, नाहीतर कोंबड्या त्यावरच मुक्काम करतात. पेटी खुराड्याच्या अंधाऱ्या, शांत बाजूला असावी. आत कोरडे गवत, भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा टाकावा आणि ओला झाला की लगेच बदलावा.

सवय लावण्याची पद्धत

आधी दांडी, मग पेटी बंद, हा क्रम पाळावा. दांडी न देता पेट्या बंद केल्या तर कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरू शकतात.

१. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी ते दुपारपर्यंत घालतात. दुपारी चारच्या सुमारास अंडी गोळा करून पेट्यांच्या तोंडाला फळी किंवा पोत्याचा पडदा लावावा. एखादी उशिरा अंडे घालत असेल तर तिचे होऊ द्यावे.

२. पेटीतील जुनी विष्ठा काढून नवीन भुसा भरावा. घाण राहिली तर कोंबडी ती झोपायची जागा समजते.

३. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आणि जूनमध्ये सातच्या आसपास सूर्य मावळतो. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास दांडीखाली मूठभर दाणे टाकावेत.

४. पूर्ण अंधार पडल्यावर मंद उजेडाची बॅटरी घेऊन जावे. खाली बसलेली कोंबडी दोन्ही हातांनी पंखांसह धरून दांडीवर ठेवावी आणि पायांची पकड बसेपर्यंत आधार द्यावा. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे ती सहसा परत उतरत नाही. संध्याकाळच्या उजेडात ठेवली तर मात्र लगेच उतरते.

५. सर्व कोंबड्या स्थिरावल्या की रात्रीच पेट्या उघडून ठेवाव्यात. पहाटे अंडे घालणाऱ्या कोंबडीला पेटी उघडी मिळाली नाही, तर ती जमिनीवर अंडे घालते.

हा क्रम रोज, एकही दिवस न चुकवता, आठ ते दहा दिवस ठेवावा. काही कोंबड्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आपणहून चढतात. दोन-तीन हट्टी राहतात, त्यांना आणखी आठवडा द्यावा. झाडावर झोपणाऱ्या कोंबड्यांनाही याच पद्धतीने आत आणता येते. रानमांजर, मुंगूस आणि भटकी कुत्री यांचा विचार करता खुराड्याचे दार रात्री बंद असणे आणि जाळी बारीक असणे गरजेचे आहे.

कीटकांची तपासणी

अंधार पडून दोन तास झाल्यावर पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने घासावा. कागदावर लाल डाग आले तर माइट आहेत. दांडीची टोके जिथे टेकतात त्या फटी नीट पाहाव्यात, गोचीड तिथेच दडतात. गोचिडांमुळे रक्त कमी होते आणि स्पायरोकिटोसिस हा घातक आजारही पसरतो. दांड्या काढून उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवाव्यात, भिंतींच्या फटी बुजवून चुना मारावा. कीटकनाशक वापरायचे असल्यास औषध, प्रमाण आणि अंडी किती दिवस विकू नयेत, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

खुडूक कोंबडी वेगळी ओळखा

पेटीत बसलेली प्रत्येक कोंबडी झोपायलाच बसलेली नसते. खुडूक कोंबडी दिवसाही पेटी सोडत नाही, पिसे फुलवते, हात लावला की चोच मारते आणि वेगळा आवाज काढते. तिच्यावर वरील पद्धतीचा उपयोग होत नाही. पिले हवी असतील तर तिला वेगळ्या जागी १० ते १२ स्वच्छ अंडी द्यावीत, २१ दिवसांत पिले निघतात. नको असतील तर खाली जाळी असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात भुसा न टाकता तीन-चार दिवस ठेवावे. दाणा-पाणी मात्र नियमित द्यावे.

नव्या तलंगांसाठी

पिले चार-पाच आठवड्यांची झाली की १५ ते २० सें.मी. उंचीची बारीक दांडी द्यावी आणि वाढीनुसार ती वर न्यावी. अंड्यांच्या पेट्या मात्र पहिले अंडे येण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच उघडाव्यात. झोपायची जागा आधी ठरली की पेटी फक्त अंड्यासाठी वापरली जाते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पिलांचे वाटप करताना लसीकरणाच्या वेळापत्रकासोबत दांडीची मापेही लिहून द्यावीत. लाभार्थ्याकडे भेट सायंकाळी, कोंबड्या आत जाण्याच्या वेळी ठेवली तर खुराड्यातील दोष अर्ध्या तासात लक्षात येतात. दांडीखाली पोते किंवा फळी टाकल्यास रात्रीची विष्ठा एका जागी मिळते. ती दर दोन-तीन दिवसांनी उचलून उकिरड्यात कुजवावी. ताजी विष्ठा थेट पिकाच्या मुळाशी टाकू नये, रोपे करपतात. नीट कुजल्यावर तेच परसबागेतील भाजीपाल्यासाठी उत्तम खत होते.