डाऊन सिंड्रोम: 'बाळ बरं कधी होणार?' हा प्रश्न चुकीचा का आहे?

दरवर्षी २१ मार्चला इन्स्टाग्रामवर दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घातलेले फोटो दिसतात. तुम्हीही एखादा लाइक केला असेल. हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. तारीख उगाच निवडलेली नाही. या मुलांमध्ये २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. आणि गुणसूत्रांचा आकार मोज्यांसारखा दिसतो, म्हणून मोजे.

फोटो दुसऱ्या दिवशी फीडमधून गायब होतो. पण ज्या घरात असं बाळ जन्माला येतं, तिथे एकच प्रश्न फिरत राहतो: हे बरं कधी होणार?

खरं उत्तर ऐकायला कठीण आहे. डाऊन सिंड्रोम बरा होत नाही, कारण तो आजारच नाही. पण त्याच्यासोबत येणाऱ्या अनेक त्रासांवर उपचार आहेत. 'गॅरंटीचं औषध' शोधण्यात महिने गेले, तर नेमके हेच उपचार राहून जातात.

नेमकं होतं काय?

आपल्या पेशींमध्ये साधारणपणे ४६ गुणसूत्रं असतात. डाऊन सिंड्रोममध्ये ती ४७ होतात. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं, पण जादा गुणसूत्राचं कारण समजायला १९५९ साल उजाडलं.

सुमारे ९५ टक्के वेळा ही जादा प्रत निव्वळ योगायोगाने येते. आईने ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणात अमुक खाल्लं, याचा काडीचाही संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. तरी तरुण आयांनाही अशी बाळं होतात. थोड्या कुटुंबांत मात्र कारण आनुवंशिक असू शकतं. ते कॅरिओटाइप या रक्ततपासणीतून कळतं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हा रिपोर्ट जपून ठेवा.

आधी कोणत्या तपासण्या?

हृदय: जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. बाळ नीट दूध पितंय, म्हणजे हृदय ठीक आहे असं समजू नका. 'इको' करूनच घ्या. अनेक दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात, पण त्यालाही योग्य वेळ असते.

थायरॉईड: जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी.

कान आणि डोळे: ऐकूच कमी येत असेल, तर बोलणं आणखी लांबतं.

इथे एक सापळा आहे. मूल सुस्त झालं, वजन वाढलं, हाक मारल्यावर बघेना, की घरचे म्हणतात, 'अशी मुलं असतातच तशी.' प्रत्यक्षात थायरॉईड बिघडलेलं असू शकतं किंवा कानात पाणी साचलेलं असू शकतं. दोन्हींवर उपचार आहेत. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं खापर डाऊन सिंड्रोमवर फोडू नका.

घरात काय करायचं?

या मुलांचे स्नायू सैल असतात. मान धरणं, बसणं, चालणं उशिरा होतं, पण होतं. त्यासाठी फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी पहिल्या काही महिन्यांतच सुरू करावी.

बहुतेक मुलांना बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त समजतं. म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'याला काही कळत नाही' असं बोलू नका. एका वेळी एकच सूचना द्या. चित्र दाखवा, हातवारे करा. आणि वेळ लागला, सांडलं, तरी जेवू द्या स्वतःच्या हाताने. भरवणं सोपं असतं, पण घास उचलायचा सराव आपणच हिरावून घेतो.

सरकारी मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर 'डीईआयसी' म्हणजे लवकर निदान आणि उपचार करणारी केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा हवी असल्यास विशेष शाळेत.

आणि आमच्यानंतर?

आई-वडिलांना रात्री झोपू न देणारा प्रश्न हाच. पूर्वी ही मुलं फार जगत नसत. आता चांगले उपचार मिळाले, तर अनेकजण साठीपर्यंत पोहोचतात. म्हणजे आपण एका मुलाला नाही, उद्याच्या पन्नाशीतल्या माणसाला वाढवतोय. १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

पण कागदांइतकीच महत्त्वाची तयारी रोजची आहे: स्वतः अंघोळ करणं, दुकानातून दूध आणणं, आपलं नाव-पत्ता सांगता येणं.

तुमच्या ओळखीत असं बाळ जन्माला आलं, तर 'अरेरे' म्हणू नका. पेढे मागा, आणि मग विचारा, 'इको केला का?'