एकसष्टाव्या वर्षी ऑडिशन

‘‘काकू, तुम्ही बाई आहात ना? मग ‘मी आलो’ असं काय म्हणता?’’

कोल्हापुरातल्या ऑडिशनच्या खोलीत मुंबईहून आलेल्या पंचविशीतल्या मुलाने मला विचारले आणि बाकीची मुले खुदकन हसली. आपल्या वाचकांना यात हसण्यासारखे काय, हे कळणारही नाही. आपल्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असेच बोलतात. कन्नडमध्येही ‘मी’च्या क्रियापदाला बाई-पुरुष असा भेद नसतोच. पण त्या खोलीत मी एकसष्ट वर्षांची असूनही शाळेत चूक झालेल्या मुलीसारखी खाली बघत उभी राहिले.

मी पोस्टातून 2023 साली निवृत्त झाले. लहानपणी गणेशोत्सवातल्या नाटकात काम करायची. लग्नानंतर ते सगळे संपले. निवृत्तीनंतर गावातच शनिवार-रविवारचे तीन महिन्यांचे अभिनय शिबिर होते, त्यात नाव घातले. वर्गात सगळी विशीतली पोरे. पाठांतराला मी कच्ची, पण आवाज मात्र पोस्टाच्या खिडकीवर कमावलेला!

सासूबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. ‘‘म्हातारपणी ही कसली थेरं?’’ म्हणाल्या. आमचे हे काही बोलले नाहीत. पण त्यांचे न बोलणे मला चांगले समजते. धारवाडची आमची सून मात्र हसून म्हणाली, ‘‘अत्ती, होगि बर्री.’’

उदाहरणे देणे सोपे

शिबिरात वयाची गोष्ट निघाली की डॉ. श्रीराम लागूंचे नाव हमखास निघे. 1969 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरी सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. ए. के. हंगल पन्नाशीच्या आसपास सिनेमात आले. ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचे. पण ही दोन्ही माणसे त्याआधी कित्येक वर्षे नाटकात मुरलेली होती, हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र आणि गणपतीतली दोन नाटके. हे स्वतःशी कबूल केल्यावर पुढचे थोडे सोपे गेले.

काम मिळवायचे तर आधी फोटो लागतात: समोरून, डावीकडून, उजवीकडून. नऊवारीत एक, साध्या साडीत एक, पंजाबी ड्रेसमध्ये एक. शिवाय मोबाईलवर स्वतःचे नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगणारा छोटा व्हिडिओ. आमच्या मुलाने तो गच्चीवर काढून दिला. शेजारच्या कुकरच्या शिट्टीमुळे चार वेळा काढावा लागला.

पाच हजारांचा धडा

पहिला फोन आला तेव्हा आनंदाने हात थरथरत होते. ‘आईची भूमिका पक्की आहे, फक्त नोंदणीचे पाच हजार भरा.’ भरले. त्यानंतर तो नंबर कायमचा बंद. तेहतीस वर्षे मी मनिऑर्डरीच्या पै-पैचा हिशेब ठेवला. लोकांना ‘अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका’ म्हणून सांगितले आणि स्वतः फसले. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. सुनेला सांगितले. ती म्हणाली, ‘‘आता पुढचा फोन मी घेते.’’

मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, मागत नाही. मध्यस्थाला मिळालेल्या मानधनातून ठरलेला वाटा द्यावा लागतो, पण तोही पैसे हाती आल्यावर.

त्यानंतर पाच ऑडिशन दिल्या. निपाणीपर्यंत कर्नाटकच्या बसने ‘शक्ती’ योजनेत फुकट, तिथून पुढे महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट. दोन्ही सरकारांनी माझ्या नटीपणाला हातभार लावला म्हणायचा! मराठीवाले म्हणत, ‘तुमच्या बोलण्याला कन्नड हेल आहे.’ बेंगळुरूच्या एका मालिकेसाठी कन्नडमध्ये व्हिडिओ पाठवला, तर ‘तुमचं कन्नड फारच उत्तरेकडचं, त्यात मराठी वास’ असे उत्तर आले. घर की ना घाट की!

दोन वाक्ये

शेवटी एका मालिकेत एक दिवसाचे काम मिळाले. शेजारीण, वाक्ये दोन. आदल्या रात्री सासूबाईंना ताप भरला. मी ‘येत नाही’ असे कळवायला मोबाईल हातात घेतला. सुनेने तो काढून घेतला आणि आपल्या ऑफिसात रजा कळवली. मी पहाटे निघाले, पण दिवसभर मन घरी. सकाळी आठला मेकअप झाला. माझा सीन रात्री नऊला आला. तेरा तास खुर्चीवर बसून राहणे हाही या कामाचाच भाग आहे, हे शिबिरात कोणी शिकवले नव्हते. परतीची बस चुकली. मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि रात्रभर दर तासाला घरी फोन केला.

सकाळी घरी आले तेव्हा सासूबाईंचा ताप उतरला होता. त्यांनी विचारले, ‘‘रडलीस की हसलीस त्यात?’’ मी दोन्ही वाक्ये म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘एवढ्यासाठी एवढं?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘परत म्हण बघू.’’

मानधन अठराशे रुपये, तीन महिन्यांनी खात्यावर जमा झाले. त्या दिवशी ह्यांना पाच हजारांची गोष्टही सांगून टाकली. ते म्हणाले, ‘‘मला माहीत होतं. पासबुक मीच भरून आणतो.’’

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटकाला ‘शाकुंतल’ देणारा माणूस कन्नड मुलखात जन्मला. तेव्हा आपल्या जिभेवरच्या दोन भाषांची लाज का बाळगायची, असे मी हल्ली स्वतःला सांगते.

गेल्या महिन्यात इथल्याच काही मुलांनी एका लघुपटासाठी बोलावले. मानधन नाही, जेवण आणि रिक्षाभाडे. आजी सुनेशी कन्नडमध्ये आणि देवाशी मराठीत बोलते. मी वाचून दाखवताना सवयीने ‘मी आलो’ म्हटले आणि घाबरून ‘मी आले’ असे दुरुस्त केले. तो दिग्दर्शक पोरगा आपल्या अनगोळचा. म्हणाला, ‘‘काकू, आधीचंच ठेवा. आमची आजी तसंच म्हणते.’’