एका मिनिटाचे पन्नास दिवस

हर्णे बंदरातल्या एखाद्या कौलारू घराच्या छपरावर हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र बसवायचंय, असं समजा. हौसेचंच काम, कारण हवामान खात्याच्या नोंदी हर्णेत होतातच. सामान मामुली: आर्डुइनो उनो बोर्ड, एक सेन्सर आणि पावसापासून वाचवणारा डबा. दर मिनिटाला एक नोंद घ्यायची. प्रोग्रॅममध्ये, म्हणजे आर्डुइनोवाल्यांच्या बोलीत ‘स्केच’मध्ये, थांबायचा वेळ मिलिसेकंदांत द्यावा लागतो. लिहिणाऱ्याने सरळ ‘६० गुणिले १०००’ लिहिलं. यंत्र सुरू झालं, पहिली नोंद आली आणि पुढे सगळं ठप्प.

शाळेतल्या गणितात हा गुणाकार बरोबर आहे, उनोवर नाही. त्या ८ बिटी चिपवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांत मावावी लागते, आणि तिची कमाल मर्यादा ३२,७६७. साठ हजार त्यात बसत नाहीत, म्हणून आकडा उलटून उणे ५,५३६ होतो. थांबण्याची आज्ञा उणे संख्या जाणतच नाही. ती त्याचा अर्थ लावते ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस!

आता भर पावसाळ्यात कोकणात पन्नास दिवस सलग लाइट राहिली, तर तीच बातमी व्हायची. लाइट जाऊन आली की बोर्ड नव्याने सुरू होतो, एक नोंद देतो आणि पुन्हा गप्प बसतो. साहजिकच संशय आधी वायरिंगवर जातो, मग सेन्सरवर, मग खाऱ्या हवेवर. शिडी लावून निसरड्या कौलांवर चढायचं, डबा उघडायचा, जोडण्या हलवून बघायच्या. चूक मात्र खाली, लॅपटॉपमधल्या एका ओळीत.

तेच स्केच ईएसपी३२ या बोर्डावर घातलं तर बिनबोभाट चालतं, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा असतो. उनोसाठी ६० या आकड्याला ‘यूएल’ ही दोन अक्षरं जोडली की काम भागतं. एका यंत्रावर चालणारा कोड दुसऱ्यावर अंगाशी येणं हा काही फक्त हौशी मंडळींचा प्रांत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं. एरियन ४ साठी लिहिलेला कोड त्यात तसाच उचलला होता, आणि नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा १६ बिटांत मावला नाही.

खरं तर आपल्या गुणाकाराबद्दल कंपायलर, म्हणजे कोड बोर्डाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, धोक्याची सूचना देतो. पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सूचना मुळातच बंद ठेवलेल्या असतात आणि सेटिंगमध्ये जाऊन त्या चालू करायचं फार थोड्यांना सुचतं. स्वयंचलित बिल्ड-तपासणीचा पहिला फायदा इथेच आहे. कोड गिटहबसारख्या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवायचा आणि सोबत काय तपासायचं ते सांगणारी एक छोटी फाइल जोडायची. मग कोडमध्ये काहीही बदल केला की तिथला संगणक कोरी पाटी घेऊन बसतो, कंपायलर आणि लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवून घेतो, आणि तेच स्केच उनोसाठी, ईएसपी८२६६ साठी, ईएसपी३२ साठी वेगवेगळं कंपाइल करतो. सगळ्या सूचना चालू ठेवून ‘सूचना म्हणजेच चूक’ असं बजावलं असेल, तर आपला गुणाकार उनोच्या रांगेत लाल फुली घेऊन उभा राहतो. बोर्ड अजून टेबलावरही आलेला नसतो.

ही सोय पूर्वी मुख्यतः मोठ्या कंपन्यांकडे असायची. बर्लिनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआय या सेवेने ती खुल्या प्रकल्पांना फुकट दिली, आणि न्यूयॉर्कच्या एडाफ्रुटसारख्या हौशी-इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने आपल्या लायब्रऱ्या तिथे तपासायला सुरुवात केली. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिसने फुकटची मर्यादा आवळली. तोवर गिटहबची स्वतःची सोय आली होती. खुल्या प्रकल्पांना ती आजही मोफत आहे. आर्डुइनोचं सीएलआय (कमांड-लाइन साधन) किंवा प्लॅटफॉर्मआयओ यांपैकी एक साधन घेतलं तर पंधरा-वीस ओळींत काम होतं.

महाराष्ट्रात अशा तपासणीची गरज कुठे पडावी? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. एमआयटीच्या बाहेरची ती पहिली मानली जाते. २०१६ पासून शाळांमधल्या सरकारी अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती आर्डुइनो आला. जिथे एकाचं स्केच दहा जण उचलतात आणि दहा जणांचे बोर्ड सारखे असतीलच असं नाही, तिथे बिल्ड-तपासणीचा हा पहारेकरी सगळ्यात जास्त कामाचा. तरी मुलांना शिकवताना तो बहुधा राहूनच जातो. एलईडी लुकलुकली की तास संपला!

आणि कधी कधी आपण एक अक्षरही न बदलता कोड मोडतो. २०२४ मध्ये ईएसपी३२ च्या आर्डुइनो-आधाराची ३.० आवृत्ती आली आणि एलईडीचा उजेड कमी-जास्त करायच्या जुन्या दोन आज्ञा तिने काढून टाकल्या. कालपर्यंत चालणारी स्केचं कंपाइल होईनात. म्हणून आवृत्ती नोंदवून ठेवावी, आणि शिवाय आठवड्यातून एकदा ताज्या आवृत्तीवर आपोआप बिल्ड करून बघावं. फक्त एक ध्यानात असू द्या: खुल्या प्रकल्पात साठ दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब ही वेळापत्रकी तपासणी परस्पर थांबवतं.

हिरवी खूण आली म्हणजे यंत्र चालेलच, असंही नाही. सैल सोल्डर, गंजलेली पिन, डब्यात शिरलेलं पाणी हे कंपायलरला कळत नाही. पण अशा बिघाडाचा परिणाम कोडवर काय होतो, हे घरबसल्या तपासता येतं. सेन्सर बिघडला की डीएचटी सेन्सरची लोकप्रिय लायब्ररी ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर देते. ते एकदा सरासरीत मिसळलं की दिवसभराची सरासरी निकामी. सरासरी काढणारा भाग वेगळा लिहिला, तर साध्या संगणकावर त्याला मुद्दाम असं खोटं उत्तर देऊन बघता येतं. वोक्वीसारख्या सिम्युलेटरवर तर अख्खा बोर्डच पडद्यावर चालवता येतो. मात्र सुरुवात नुसत्या कंपाइलपासून करावी आणि चाचण्या एकेक बिघाड दिसेल तशा वाढवाव्यात.